आईंनी बेसबॉल पाहिला

बोस्टन, जुलै

ती. बाबांस,
सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आपल्या गावी नागऱ्यात पाऊस लागला का, रोवणीला बाया मिळाल्या का, बांधीत पाणी टिकलं का, ही काळजी आईंना दिवसभर असते. संध्याकाळी सात वाजले की मात्र संपते. सातनंतर त्या टीव्हीसमोर बसतात आणि मग नातवाचंसुद्धा ऐकत नाहीत. हे कसं झालं ते तुम्हाला कळवायलाच हवं.

मागच्या शनिवारी ह्यांनी आम्हाला फेनवे पार्कला बेसबॉलचा सामना बघायला नेलं. रेड सॉक्स या टीमचं हे मैदान २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं. अमेरिकेच्या मोठ्या लीगमधलं सगळ्यात जुनं. काही खुर्च्या अजून लाकडी आणि अशा अरुंद, की माणूस आत बसतो तो सामना संपल्यावरच मोकळा होतो. छपराला लोखंडी खांब आहेत. खांबामागची तिकिटं 'इथून नीट दिसणार नाही' असं आधीच सांगून विकतात आणि ती थोडी स्वस्त पडतात. स्वस्त म्हटल्यावर तुमच्या चिरंजीवांनी कोणती घेतली, हे मी सांगायला नको.

आईंना पिचर दिसायचा, पण बॅटवाला खांबाआड जायचा. त्यात ह्यांचं समालोचन: "पिचर म्हणजे आपला बोलर, आई. हा कॅचर म्हणजे विकेटकीपर. पण इथे विकेट नसते. पण बॉल टप्पा न पाडता टाकतात. पण मारल्यावर बॅट फेकून पळायचं." प्रत्येक वाक्यात 'पण'. कॉलेजात ओपनिंगला खेळलेल्या माणसाला हा खेळ समजणं अवघडच. बॅट गोल का, शंभर रन का होत नाहीत, इतका वेळ शून्य-शून्य कसं, हेच त्यांचं चाललेलं. शेवटी आई म्हणाल्या, "तू गप राह्य जी, मले पाहू दे." आणि तिसऱ्या इनिंगला त्यांनीच नातवाला खेळ समजावून दिला: "चार कोपरे आहेत. मारायचं, पळायचं, अन् घरी परत यायचं. घरी आला त एक गुण." झालं! क्रिकेट आयुष्यात कधी न पाहिल्याचा एवढा फायदा मी प्रथमच पाहिला.

डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे, तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. तिच्या पोटात माणसं बसतात आणि भिंतीवरच्या गुणफलकाचे आकडे आतून हातानं बदलतात. आकड्याची पाटी सरकली, खाच क्षणभर रिकामी झाली आणि नवी पाटी बसली, हे पाहिल्यावर आईंचं खेळावरचं लक्ष उडालं. आत संडास नाही, हे ह्यांनी उगाच सांगितलं. मग प्रत्येक इनिंगला, "त्या पोराले सोडलं का नाही बाहेर?"

पलीकडच्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सनं मारलेला बॉल ५०२ फुटांवर तिथल्या माणसाच्या गवती टोपीवर जाऊन आदळला आणि टोपीला भोक पडलं. "टोपीचे पैसे दिले का?" हा आईंचा प्रश्न ह्यांना निरुत्तर करून गेला.

आता तुमच्या कामाचं. इथे प्रत्येक नव्या बॉलला सामन्याआधी चिखल चोळतात. बॉल गुळगुळीत असतो, हातातून निसटू नये म्हणून. हा चिखल न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठून काढतात, जागा गुप्त ठेवतात आणि डबे भरून विकतात! हे १९३८ पासून चालू आहे. बाबा, तुम्ही या घडीला गुडघाभर चिखलात उभे असाल. सोसायटीचं कर्ज फेडायला आपण इतकी वर्षं उगाच धानच पिकवत बसलो.

शापाची गोष्टही सांगते. रेड सॉक्सनं १९१९ च्या शेवटी बेब रूथ नावाचा आपला हुकमी खेळाडू न्यूयॉर्कला विकला. त्यानंतर थेट २००४ पर्यंत जेतेपद नाही. लोक म्हणू लागले, रूथचा शाप लागला. त्यानं म्हणे एका तळ्यात पियानो बुडवला होता, तो शोधायला या शिकल्या-सवरल्या लोकांनी पाणबुडे उतरवले. आईंचं मत: "महाशिवरात्रीला नागऱ्यात महादेवाले एक अभिषेक केला असता त एवढे वर्ष गेले नसते."

सातव्या इनिंगला सगळं मैदान एकदम उठलं. संपलं समजून आईंनी पिशवी उचलली, पायात चप्पल सरकवली आणि यात्रेच्या गर्दीचा अनुभव असल्यामुळे दोन माणसं ओलांडून जिन्यापर्यंत पोचल्यासुद्धा. तेवढ्यात सगळे गाऊ लागले आणि गाऊन झाल्यावर खाली बसले. आठव्या इनिंगला पुन्हा गाणं. या खेपेला आई जागच्या हलल्या नाहीत. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पिशवीत गोळा करत राहिल्या. बाकी सगळे खुशाल पायाशी टाकतात. शेंगा विकणारा पाच-सहा रांगांवरून पुडा अचूक फेकतो. त्याला टीममध्ये का घेत नाहीत, हेही त्यांनी विचारून घेतलं.

तर आता असं आहे. प्रत्येक टीमचे मोसमात १६२ सामने होतात आणि ते सप्टेंबर संपेपर्यंत चालतात. आईंचं परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे. ते पुढे ढकलता येईल का, असं त्यांनी काल सहज म्हणून विचारलं. तोवर आपलं हलकं धान निसवून जाईल, तेव्हा काय ते तुम्हीच त्यांच्याशी बोला. फक्त इथे सामना सातच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे साडेचार, आणि नेमके तेव्हाच उठून तुम्ही फोन लावता. कृपा करून तुमच्या साडेसातनंतर करा.

आपली,
सून