अनुसूचीबाई, मैदान मिळालं!

प्रति,
मा. अनुसूचीबाई,
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
मुक्काम : शेवटचं पान

विषय : शाळेत मैदान असल्याबाबत.

महोदया,

१ एप्रिल २०१० पासून आपला अंमल सुरू झाला आणि पोरांच्या खेळाची आमची काळजी मिटली. इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खिचडीसाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, सगळं एका दमात सांगून आपण मोकळ्या झालात. मैदान केवढं असावं तेवढं सांगितलं नाहीत, हा आपला मोठेपणा. नाहीतर शहरातल्या निम्म्या शाळांची पंचाईत झाली असती.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या शाळेच्या तपासणी तक्त्यात ‘मैदान’पुढे बरोबरची खूण आहे, पालकसभेला मी स्वतः पाहिली. त्या खुणेवर पेव्हर ब्लॉक घातलेत. सकाळी तिथे स्कूलबस आणि गुरुजनांच्या दुचाक्या लागतात, लग्नसराईत मांडव पडतो. खांब रोवायला उपटलेले ब्लॉक पुन्हा बसवायचे राहून गेले, त्या भोकांत पोरं मधल्या सुट्टीत बाटल्यांची बुचं नेम धरून टाकतात. तेव्हा मैदानी खेळ बंद पडलेत असं कुणी म्हणू नये. हरियाणातल्या एका शाळेच्या जागेवरच्या अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं की मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही. आमच्या शाळेने तो निकाल वाचून समाधान व्यक्त केलं असेल.

प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचं साहित्य, ही कृपाही आपलीच. साहित्य कपाटात सुखरूप आहे. चावी शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा बँकेत. गेल्या वर्षी आलेल्या फुटबॉलवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. खेळून फुटला तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, हा प्रश्न आहेच ना? लेझमी तेवढ्या बाहेर निघतात, पाहुणे यायचे असले की.

सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा, असं आपण म्हणता. पट नव्व्याण्णव असला तर मुलांना हातपाय नसतात, असं काहीसं आपलं शास्त्र दिसतं. आमच्याकडे पी.टी.चे सर आहेत. प्रार्थनेला माइक तेच लावतात, उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी तेच अडवतात, आणि निवडणूक आली की आपल्याच अधिनियमाने दिलेल्या मुभेनुसार तिकडे जातात. आठवड्यातला तास शुक्रवारी शेवटचा. पोर्शन मागे पडला म्हणून तो गणिताच्या बाई मागून घेतात. सर देतात, कारण नाही कसं म्हणणार? एखाद्या शुक्रवारी बाई रजेवर असल्या तर रांग लागते, मग उंचीप्रमाणे पुन्हा लागते, सावधान-विश्राम होतं, हजेरी होते आणि घंटा होते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असं काहीतरी करावं. आपण पाचवीपर्यंत वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, पुढे २२० दिवस आणि १००० तास मोजून दिलेत. त्यात पळण्याचं एक मिनिटही वेगळं काढलेलं नाही. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला : ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी जगात ८१ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत, भारतात सुमारे ७४. जगापेक्षा आपण बरे! हे कसं, तर मुलगे क्रिकेट खेळत असावेत आणि मुली घरकाम करत असाव्यात, असा त्यांचा कयास. थोडक्यात, गल्लीतल्या तीन दांड्यांनी आणि मोरीतल्या भांड्यांनी देशाची लाज राखली. भांडी घासणाऱ्या पोरींना क्रीडागुण द्यायचं कुणाच्या मनात आलंय, असं ऐकिवात नाही.

मिनिटं लिहून दिली असती तरी काम झालं असतं, असा माझा दावा नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याने २००७ पासून काही वर्षं गरीब वस्त्यांतल्या शाळांना पैसे देऊन सहावी ते आठवीला रोज ३० मिनिटं पी.टी. सक्तीची केली. पुढे दोन अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले. तंदुरुस्ती होती तिथेच राहिली, गैरहजेरी आणि बेशिस्त मात्र वाढली. त्यांच्याकडेही आधी उंचीप्रमाणे रांग लावत असावेत.

म्हणून विनंती एवढीच, की तक्त्यात आणखी एक रकाना घालावा : ‘तास संपल्यावर मुलांचे शर्ट ओले आहेत काय? होय / नाही.’ साहेबांनी चहा घेण्याआधी दोन-चार पोरांच्या पाठीवरून हात फिरवावा आणि खूण करावी. असा रकाना आलाच, तर तपासणीच्या दिवशी शाळा पाण्याचा पाइप तयार ठेवेल, हे मी आत्ताच लिहून देतो. पण पाइप सुटला की पोरं पळतील तरी.

कळावे,
आपला नम्र,
सातवी ‘ब’मधला एक पालक

ता. क. : पेव्हर ब्लॉक कुणी बसवायचे, हे आपल्याकडे कुठे लिहिलं असल्यास कळवावे.