वाफाळे

साडेबाराला वाफाळे जागचे हलले की आमच्या मजल्यावर घड्याळ बघायची गरज उरत नाही. एरवी गृहस्थ हलणाऱ्यांतले नाहीत. फायर ड्रिलचा भोंगा झाला तरी ‘जिन्यात गर्दी असेल, होऊ दे कमी’ म्हणत फाइल चाळत बसतात. साहेबांचा निरोप आला तर दुसऱ्या निरोपाची वाट बघतात. पहिला चुकून आलेला असू शकतो. त्यांच्याकडचं बँक रिकन्सिलिएशन मार्चपासून अडकलंय आणि ते कुठे अडकलंय हे फक्त त्यांनाच माहीत आहे. पण साडेबारा झाले की खुर्ची सरकते, टेबलाखालची निळी पिशवी वर येते, तिच्यातून चांगला बाळसेदार इलेक्ट्रिक डबा निघतो आणि पुढचा पाऊण तास वाफाळे हे कंपनीतले सर्वांत कार्यक्षम कर्मचारी असतात.

आडनाव अर्थातच खरं नाही. खरं हजेरीपटावर आहे आणि तिथेच सुखात आहे.

या जातीचा माणूस फक्त आमच्या लोअर परळच्या ऑफिसात सापडतो असं नाही. बँकेत असतो, जिल्हा परिषदेत असतो, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीतही असतो. ओळखायची खूण सोपी आहे. नव्या जागी बदली झाली की बाकीचे लोक खिडकी कुठे, साहेबांची केबिन किती लांब, हे बघतात. हा माणूस खाली वाकतो आणि टेबलाखाली बघतो. तीन पिनांचा पॉइंट आहे? आहे. मग बढती नसली तरी चालेल.

वाफाळ्यांना आमच्या मजल्यावरचा एकूण एक पॉइंट तोंडपाठ आहे. कुठला ढिला, कुठला ठिणगी मारतो, कुठला सफाईवाल्यांच्या मशीनसाठी राखीव, आणि कुठला यूपीएसवर आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे सगळं. वायरमन आला की तोही आधी यांच्याकडे येतो. आयटीतल्या नव्या पोरानं एकदा डबा यूपीएसच्या पॉइंटला लावला, तेव्हा वाफाळ्यांनी धावत जाऊन तो काढला. त्यांना धावताना पाहिल्याचा तो एकमेव प्रसंग.

आता याला ‘खाण्याचे चोचले’ म्हणणारे लोक आहेत. त्यांनी डोंबिवलीला राहून बघावं. वाफाळ्यांच्या घरी पोळ्या पहाटे साडेपाचला होतात, कारण सात बेचाळीसची फास्ट पकडायची असते आणि वहिनींचीही आठची शाळा असते. म्हणजे एक वाजता पोळीचं वय साडेसात तास. त्यातला तासभर छातीशी धरलेल्या सॅकमध्ये, तीन माणसांच्या कोपरांखाली गेलेला. डबेवाल्याचं सुख त्यांच्या नशिबी नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये मुंबईत डबे पोचवायची व्यवस्था लावली, ती या गृहीतावर की नऊ-दहाला घरी कुणीतरी असेल आणि दारात ताजा डबा ठेवेल. वाफाळ्यांच्या दाराला तेव्हा कुलूप असतं. ‘२००३ साली इंग्लंडचा राजपुत्र चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटून गेला,’ ते सांगतात, ‘सगळं विचारलं म्हणे त्यानं. डबा उघडताना भात गरम असतो का, ते विचारलं नसणार!’

पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह आहे. एक. माणसं ऐंशी. एकला तिथे जी रांग लागते तिच्यात मैत्र्या जुळतात, तुटतात, एक लग्नही ठरलं. वाफाळे मात्र त्या रांगेकडे दयेनं बघतात. मायक्रोवेव्हला स्टील चालत नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. घरून स्टीलच्या डब्यात आलेलं अन्न काचेच्या भांड्यात काढायचं, म्हणजे एक भांडं वाढलं, आणि ते धुणार कोण? दुसरा आक्षेप, वरण कडेला जीभ भाजतं आणि मध्ये फ्रीजमधलंच राहतं. तिसरा ऐतिहासिक आहे. पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन माणूस १९४५ च्या सुमारास रडारच्या यंत्रावर काम करत होता, खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून मायक्रोवेव्ह निघाला, ही हकिगत त्यांना कुणीतरी सांगितली. वाफाळे एवढंच म्हणाले, ‘खिशात चॉकलेट घेऊन हिंडणाऱ्याला वरणातलं काय कळणार?’

त्यांच्या डब्याचं तत्त्व साधं आहे. तळाशी तापणारी थाळी, तिच्यावर मापानं ओतायचं पाणी, पाण्याची वाफ, वाफेवर एकावर एक तीन भांडी. पाणी आटलं की डबा आपोआप बंद होतो. हे झालं कंपनीनं सांगितलेलं. पुढचं शास्त्र वाफाळ्यांचं स्वतःचं आहे आणि ते ऐकायला त्यांच्याजवळ बसावं लागतं.

खालच्या भांड्याला वाफ आधी आणि सपाटून लागते, म्हणून तिथे वरणभात. भात गार झाला की आक्रसतो, शितं टणक होतात. त्यावर चमचाभर पाणी शिंपडून वाफ दिली की तो पुन्हा माणसात येतो. मध्ये भाजी. पोळ्या सगळ्यात वर, त्याही सुती फडक्यात, कारण झाकणाला जमलेलं पाणी थेंबाथेंबानं खाली येतं आणि फडकं नसेल तर पोळीचा लगदा होतो. सुरू करायच्या आधी झाकणावरचं रबरी बूच उघडायचं. ते विसरलं तर डबा निवताना आतली हवा आवळते आणि झाकण असं बसतं की शिपाई, वॉचमन आणि लिफ्टमन मिळूनही उघडत नाही. मग जेवण समोर असून उपास.

भाज्यांची तर त्यांनी चारित्र्यानुसार प्रतवारीच केली आहे. अळूचं फदफदं, वालाची उसळ, चवळी, आमटी ही घरंदाज मंडळी. दुसऱ्यांदा तापल्यावर अधिकच मुरतात, काही तर घरच्या पानापेक्षा ऑफिसच्या टेबलावर बरी लागतात (हे वहिनींना सांगायचं नाही अशी आम्हाला तंबी आहे). भेंडी आणि बटाट्याच्या काचऱ्या अभिमानी. वाफ लागली की कुरकुरीतपणाबरोबर त्यांचा स्वभावच जातो, मग त्या मान खाली घालून बसतात. कोथिंबीरवडीला वाफाळे डब्यात घेतच नाहीत, ती गारच खातात, ‘तिचा मान राहिला पाहिजे.’ थालीपीठ वाफेत वातड होतं. साबुदाण्याच्या खिचडीचा एकसंध गोळा होतो, तो सुरीनं कापावा लागतो. म्हणून एकादशीला ते राजगिऱ्याचे लाडू आणतात आणि डब्याला रजा देतात. सगळ्यात कठीण पिठलं. निवलं की त्याची वडी, आणि तापवून सैल केलं तरी पाच मिनिटांत पुन्हा वडीच्या वाटेला लागतं. ते घरूनच पातळ पाठवायचं आणि डबा बंद झाल्या क्षणी खायचं. मध्ये फोन घ्यायचा नाही, कुणाला ‘या जेवायला’ म्हणायचं नाही. पिठल्याच्या दिवशी वाफाळ्यांशी कुणी बोलत नाही.

रोज दुपारी दीडला ते वहिनींना अहवाल पाठवतात. ‘पडवळ उत्तम. भात किंचित कोरडा. कोशिंबिरीची डबी गळाली.’ इतका नेमका, वेळेवर आणि न मागता दिलेला अहवाल आमच्या साहेबांनी त्यांच्याकडून उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

वासाबद्दल थोडं सांगायला हवं. एसी सेंट्रल आहे. वाफाळ्यांच्या टेबलाखाली कोबीला वाफ लागली की ती बातमी डक्टमधून कॉन्फरन्स रूमपर्यंत जाते. मुळ्याची भाजी लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. एचआरमध्ये नव्या आलेल्या मुलीनं नाकाला रुमाल लावून परिपत्रक काढलं: कर्मचाऱ्यांनी किटली, हीटर, शेगडी आदी वैयक्तिक विद्युत उपकरणे वापरू नयेत, विजेचा अपव्यय होतो.

वासाचं कारण दिलं असतं तर वाफाळे गप्प बसले असते. पण विजेचं नाव काढलं आणि त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. डबा तीनशे वॉटचा, चालतो पाव तास. म्हणजे पंच्याहत्तर वॉट-अवर, म्हणजे युनिटचा तेरावा-चौदावा हिस्सा. युनिटला बारा रुपये धरले तरी नव्वद पैसे. आता साहेबांच्या केबिनमधला जादाचा दीड टनी एसी घ्या. तासाला साधारण दीड युनिट, अठरा रुपये, आणि तो साहेब मीटिंगला गेल्यावरही चालूच असतो. ‘म्हणजे,’ वाफाळे म्हणाले, ‘साहेबांची रिकामी खुर्ची तासभर गार ठेवायच्या पैशात वीस माणसं गरम जेवतात.’ हे त्यांनी लेखी दिलं नाही. लेखी द्यायची त्यांना सवय नाही. चहाच्या वेळी मोठ्यानं म्हणाले. परिपत्रक नोटीस बोर्डावर अजून आहे, त्याच्यावर क्रिकेटच्या संघाची यादी लागली आहे.

भाषणाचा परिणाम भलताच झाला. मायक्रोवेव्हच्या रांगेतले चौघे तसलेच डबे घेऊन आले आणि वाफाळ्यांच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावून मोकळे झाले. पाच डबे म्हणजे दीड हजार वॉट. त्याच लाइनवर आजूबाजूचे मॉनिटर. त्यात बरोब्बर एक वाजता कुणीतरी लेझर प्रिंटरवर चाळीस पानं सोडली, आणि तापताना तो प्रिंटर एकटाच तीन डब्यांची वीज ओढतो. फट्. अर्धा मजला अंधारात. ताळेबंद सेव्ह न केलेल्या दोघांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाफाळे दहाच्या आत कामाला लागले, पहिल्यांदाच साहेबांच्या आधी, आणि दुपारपर्यंत त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता तयार केला. बारा वीसपासून दोनपर्यंत वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या. एका वेळी दोनच डबे, शेजारच्या पॉइंटला एकही नाही, प्रिंटर पावणेएक ते सव्वा बंद. रस्सा आधी, कारण तो जास्त वेळ गरम राहतो, सुकं मागून. पिठलं ज्या दिवशी ज्याचं असेल त्याला एकची पाळी, हक्कानं. मालवणकडचे एक जण सुका बांगडा आणतात, त्यांना दोनला, सगळे जेवून उठल्यावर, खिडकीजवळ. उग्र भाज्यांना पिवळा रंग. बुकिंग आदल्या दिवशी. बदल हवा असेल तर परस्पर संमतीनं, वाफाळ्यांना कळवून. तक्त्याला सूत्रं लावली आहेत. एकूण वॉट मर्यादेबाहेर गेले की चौकट आपोआप लाल होते. गेले तीन ऑडिटर यांना एक्सेल येत नाही असं लिहून गेले आहेत.

त्या दिवसापासून मजल्यावरची वीज गेलेली नाही. रिकन्सिलिएशनही जिथे होतं तिथेच आहे. गेल्या मंगळवारी सवाबाराला साहेब स्वतः वाफाळ्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आसपासच्या सगळ्यांनी कीबोर्डवर बोटं हलवायला सुरुवात केली.

‘वाफाळे, ते...’

‘संध्याकाळपर्यंत देतो, सर.’

‘ते असू द्या हो.’ साहेबांनी पाठीमागचा हात पुढे आणला. कोरा करकरीत डबा, वायरीला अजून प्लॅस्टिकचा चिमटा. ‘डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. एकची वेळ मिळेल का?’

वाफाळ्यांनी झाकण किंचित उचललं. वास घेतला. तक्ता उघडला.

‘कोबी आहे, सर. एक चाळीस.’

‘पावणेदोनला माझी मीटिंग आहे. एकला कोण आहे?’

‘ट्रेनी मुलगी आहे एक, दुसरा मी.’

‘मग तिला विचारा ना.’

‘विचारलं असतं, सर,’ वाफाळे म्हणाले, ‘पण तिचं पिठलं आहे.’