बीटा वीस तारखेच्या तोंडावर नको

हिशोबाच्या सॉफ्टवेअरची बीटा आवृत्ती सगळ्यांसाठी खुली झाली की सपोर्टवाल्यांचे फोन थांबत नाहीत. फोन घेणं हे कामच आहे, त्याची तक्रार नाही. तक्रार तारखेची आहे. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना विक्रीचं विवरणपत्र आर-वन (जीएसटीआर-१) ११ तारखेपर्यंत द्यायचं असतं आणि कर भरण्याचं थ्री-बी (जीएसटीआर-३बी) २० पर्यंत. थ्री-बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. आणि आमची नवी आवृत्ती बाहेर पडते ती नेमकी अठरा-एकोणीसला, कारण ती तारीख ठरवताना सपोर्टच्या कोणाला विचारलेलंच नसतं.

सोबत बदलांची यादी येते. तिच्यात ‘किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा’ असं लिहिलेलं असतं. त्या किरकोळ म्हणजे कोणत्या, हे आम्हाला गिऱ्हाइकाकडून कळतं.

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांचा मेसेज आला, ‘चालत नाही, लवकर बघा.’ सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो, आणि ट्यूबलाइटची तिरीप बरोबर एररच्या ओळीवर. फोन लावला.

‘काका, काय करताना बंद पडलं?’

‘काही केलं नाही हो. आपोआप झालं.’

‘बॅकअप आहे ना?’

‘असेल की.’

बॅकअप नव्हता. चालू वर्षाच्या खात्यांवरच बीटा टाकली होती. आमच्याकडे नव्या आवृत्तीत फाइल एकदा उघडली की तिची रचना बदलते, जुन्या आवृत्तीत ती पुन्हा उघडत नाही. म्हणजे मागे फिरायची वाट बंद.

त्यांच्या मशिनवर शिरून पाहिलं. मालाची यादी त्यांनी एक्सेलमधून आणली होती. हळदीचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) ०९१०३०. जुनी आवृत्ती तो रकाना अक्षरं म्हणून वाचायची, नवी आकडा म्हणून वाचू लागली, आणि पुढचं शून्य गळालं. ९१०३० हा कोड ई-इनव्हॉइसचं सरकारी पोर्टल स्वीकारत नाही, त्यामुळे ई-इनव्हॉइस तयार होईना. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला माल विकताना ते लागतंच. पोती भरलेली गाडी गोदामाच्या दारात उभी होती आणि ड्रायव्हर काकांच्या मागे उभा राहून स्क्रीन बघत होता.

कोड हाताने दुरुस्त करायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो त्या गळालेल्या शून्यापर्यंत पोचण्यात. ‘एक्सेलमधून यादी घेण्याची पद्धत बदलली आहे’ एवढी एक ओळ आम्हाला आधी मिळाली असती, तर पहिल्याच फोनवर काम झालं असतं. डेव्हलपर मंडळी हुशार आहेत, मेहनती आहेत. पण आपल्या एका ओळीच्या बदलाने कोणाची गाडी अडते हे त्यांनी महिन्यातून एक दिवस सपोर्टच्या खुर्चीत बसून ऐकायला हवं. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वीसपर्यंत कोणतीही आवृत्ती बाहेर काढू नये. हा नियम करायला पैसे लागत नाहीत.

व्यापारी मंडळींनाही विनंती आहे. बीटा टाकायची तर खात्यांची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि ती दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. अडलंच तर एररचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा, फोटो नको.