एका फितुराची कैफियत

बॉस्टन, दि. ८ मे २०२२

तीर्थरूप दादा यांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनच्या पडद्यावर वहिनींच्या तोंडी ‘घरभेदी’ हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यांची दृष्टी नेमकी माझ्यावर स्थिरावली, तेव्हाच मी ताडले की आमच्या चिरंजीवांनी आपणांकडे माझ्याविरुद्ध फिर्याद गुदरली आहे. देवगडच्या कचेरीत उभा जन्म अव्वल कारकुनी केलेल्या माणसापुढे तोंडी जबाबाची मातब्बरी ती काय, म्हणून ही लेखी कैफियत रीतसर टपालाने रवाना करीत आहे.

फिर्यादीचा मुद्दा असा की, मुलगा बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकत असताना बापाने बॉस्टन कॉलेज या हाडवैऱ्याच्या हॉकी प्रशिक्षकाची, श्री. जेरी यॉर्क यांची, घरात, ट्राममध्ये आणि परक्या माणसांसमक्ष मुक्तकंठाने स्तुती केली. आरोप मला कबूल आहे. मात्र फीही मी भरावी आणि निष्ठाही मीच वाहावी, हा दुहेरी सारा मला मंजूर नाही.

प्रथम एक खुलासा. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात; येथील हॉकी बर्फावर चालते. चेंडू नाही, गोठवून कठीण केलेली रबराची काळी चकती असते, आणि पायांत पाती बांधलेले सहा-सहा गडी तिच्यामागे अशा वेगाने धावतात की, ती कोठे आहे हे मला पहिली दोन वर्षे गोल झाल्यावरच समजत असे. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी या शहरातील चार महाविद्यालये ‘बीनपॉट’ नावाच्या करंडकासाठी झुंजतात. बीनपॉट म्हणजे पावटे शिजवण्याचे मडके. वहिनींच्या चुलीवर याहून देखणी मडकी आहेत, पण १९५२ पासून या मडक्यासाठी येथे जे चालते ते पाहिले, तर आपल्या गावच्या मानपानाच्या तंट्यांची मला पुन्हा लाज वाटणार नाही.

या चौघांत आमची युनिव्हर्सिटी आणि ते कॉलेज यांचे वैर विशेष. दोन्ही संस्था एकाच कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूवर, आणि ग्रीन लाइनची ‘बी’ फाट्याची एकच ट्राम दोहोंना जोडते. आमचे बिऱ्हाड बरोबर मध्ये. सामन्याच्या संध्याकाळी एका बाकावर लाल-पांढरे आणि समोरच्या बाकावर किरमिजी-सोनेरी असे दोन पक्ष गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात, आणि मध्ये दांडीला लोंबकळणारा मी, दोन गावांच्या शिवेवरील दगडासारखा, दोन्हीकडचे शब्द झेलीत असतो.

मूळ गुन्हा घडला दि. १३ फेब्रुवारी २०१२ रोजी. बीनपॉटचा अंतिम सामना, बरोबरी, जादा खेळ, आणि त्यातलेही जेमतेम सहा सेकंद शिल्लक असताना कॉलेजच्या बिल आर्नोल्डने चकती जाळ्यात घातली. कॉलेज तीन, आम्ही दोन. आमच्या लाल-पांढऱ्या गर्दीत स्मशानशांतता पसरली आणि त्या शांततेत एकच मनुष्य उठून टाळ्या वाजवीत होता. तो मी होतो. दादा, देवाशपथ सांगतो, टाळ्या पक्षाला नव्हत्या. इतक्या अखेरच्या घटकेला कोणी इतके स्वच्छ काम केले की हात आपोआप वर जातात. चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांनी ती रात्र मुद्देमालासारखी दहा वर्षे दप्तरी जपून ठेवली आहे.

त्या रात्री मी प्रथमच यॉर्कसाहेबांकडे नीट पाहिले. कोट, गळ्याला टाय, पांढरे केस. खेळाडूंच्या बाकामागे ते असे उभे होते की जणू आपल्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची पाने वाढली गेली की नाही एवढेच पाहावे. नंतर दोन्ही संघ बर्फावर रांगा करून हस्तांदोलन करू लागले. हा येथला शिरस्ता आहे. घटकेपूर्वी एकमेकांना कठड्यावर आदळणारे गडी एकामागून एक हात देत सरकतात. त्या रांगेतल्या सर्वांच्या चेहऱ्यांवर निकाल लिहिलेला होता. यॉर्कसाहेबांच्या चेहऱ्यावरून मात्र मला तो वाचता आला नाही.

त्यांची कारकीर्द सांगतो, म्हणजे आपली खात्री पटेल. १९७२ पासून पन्नास वर्षे प्रशिक्षकी: आधी क्लार्कसन, मग बोलिंग ग्रीन, आणि १९९४ पासून स्वतः जेथे शिकले ते बॉस्टन कॉलेज. बोलिंग ग्रीनने १९८४ चे राष्ट्रीय विजेतेपद चौथ्या जादा डावात मिळवले. कॉलेजात परतल्यावर मात्र पहिली तीन वर्षे हारच अधिक. त्या संस्थेचे आधीचे विजेतेपद १९४९ चे होते; पुढचे त्यांनी २००१ मध्ये आणले. बावन्न वर्षे! आपल्या जमिनीचा दावासुद्धा इतका रेंगाळला नव्हता. एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदे आणि ११२३ विजय. महाविद्यालयीन हॉकीत एवढे विजय दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत.

परंतु माझे मन ज्या गोष्टीवर गेले ती निराळी. हा खेळ धिप्पाडांचा मानला जातो, आणि या गृहस्थांनी मात्र ठेंगणी पोरे हेरून त्यांच्यावर भरवसा टाकला. २००१ च्या विजेत्या संघाचा कर्णधार ब्रायन जिऑंटा पाच फूट सात इंचांचा. नेथन गर्बी पाच फूट पाच. २००८ च्या अंतिम सामन्यातील संघाच्या चारही गोलांत त्याचा वाटा होता. दादा, उंचीपायी आपणांला गावच्या कबड्डी संघातून वगळले, ती सल आपण अजून उगाळता. यॉर्कसाहेब त्या वेळी कुणकेश्वरात असते तर सिंधुदुर्गाच्या कबड्डीचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. (हे वाक्य लाच म्हणून वाचू नये.)

२००५ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच हंगामात संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. तिसऱ्या वर्षी जिंकले. दोनदा दारातून परतलेल्या पोरांना तिसऱ्यांदा त्याच दारापर्यंत नेण्यासाठी त्यांना काय सांगावे लागत असेल, याचा मी ट्राममध्ये पुष्कळदा विचार केला आहे.

याचा अर्थ आमच्या युनिव्हर्सिटीचे माजी प्रशिक्षक जॅक पार्कर उणे, असा काढू नये. चाळीस वर्षे एकाच संस्थेत, ८९७ विजय. १९९५ मध्ये ट्रॅव्हिस रॉय हा पोरगा पहिल्याच सामन्यात, मैदानात उतरून अकरा सेकंद होतात न होतात तोच कठड्यावर आदळून कायमचा पंगू झाला, तेव्हा पार्कर त्याच्या पाठीशी बापासारखे उभे राहिले. पार्कर आणि यॉर्क साठच्या दशकात याच दोन महाविद्यालयांकडून परस्परांविरुद्ध खेळले होते.

आता पुरावा दाखल करतो. गावच्या भजनांच्या सामन्यातले, डबलबारीतले, आपले वडील आबा आठवा. आपले बुवा एकीकडे, समोरचे बुवा दुसरीकडे; आबा अर्थात आपल्या पक्षाचे, इतके की समोरच्या मंडळींचा चहासुद्धा घेत नसत. पण समोरच्या बुवांनी गजर उचलला आणि पखवाज चढू लागला की आबांचे बोट मांडीवर ताल धरी. आपण एकदा ते बोट पकडले होते. तेव्हा आबा म्हणाले, “बुवा तेंचो असलो म्हणान काय झाला? ताल काय तेंचो एकट्याचो नाय.” माझा सगळा बचाव एवढाच आहे. मूळ आरोपी आबा आहेत, मी वारस.

शेवटी फिर्यादीने आपल्या अर्जात वगळलेली एक बाब नोंदवतो. गेल्या महिन्यात यॉर्कसाहेबांनी निवृत्ती जाहीर केली. ती बातमी चिरंजीवांनीच मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि वाचताना दोनदा थांबून चष्मा पुसला. घरात त्या वेळी वाफ निघेल असे काहीही शिजत नव्हते.

उभय पक्षांचा विचार करून निकाल द्यावा. तो पत्रानेच कळवावा, फोनवर सांगू नये. फोन फिर्यादीच्या हातात असतो.

आपला आज्ञाधारक बंधू