वळसा घालून वीज

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन परिसरातले विजेचे खांब आडवे केले. कित्येक वाड्या पुढे बरेच दिवस अंधारात होत्या. अशा गावाने बॅटरीच्या गाडीवर विसंबू नये. हायड्रोजन वापरावा. तो करायला लागते फक्त वीज.

कृती सोपी आहे. विजेने पाणी फोडायचे, वायू ७०० बार दाबाने टाकीत कोंबायचा, मग गाडीत त्याची पुन्हा वीज करायची. मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली वाटेतच कृतार्थ होते. बॅटरीच्या गाडीत पाऊण वीज थेट चाकाला मिळते. त्यात कसली आली प्रगती? नितीन गडकरी २०२२ साली संसदेत गेले ते हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून.

याच न्यायाने आगरातली सुपारी आधी मुंबईला धाडावी, तिथून परत मागवावी आणि मगच अडकित्त्यात धरावी.

शिवाय धूर नाही, नळीतून निव्वळ पाणी. मुंबई गाठायला साधारण दोन किलो हायड्रोजन, म्हणजे सुमारे १८ लिटर पाणी. चांगला भरलेला हंडा. मे महिन्यात वाडीतल्या बायकांनी तेवढे गाडीमागे हंडा धरून मुंबईपर्यंत चालायचे.