मुक्ताईकडे पाठ

जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद. वाघ रजेवर गेला, की लोकांना पाणी आठवतं आणि गाड्या चिमूर तालुक्यातल्या डोम्याकडे वळतात. तिथला मुक्ताईचा धबधबा पक्का पावसाळी. मे महिन्यात गेलात तर खडक तेवढा भेटेल.

तासन्‌तास गाडी हाकत आलेला माणूस धबधब्यासमोर पोचतो आणि पहिली गोष्ट कोणती करतो? त्याच्याकडे पाठ. मग हात लांब करून मोबाइलमध्ये स्वतःचंच तोंड पाहतो. मागे काहीतरी पांढरं पडतंय एवढं दिसलं की पुरे.

पुढचा विधी खर्र्याचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घोटून (या कामात आमच्या माणसाची चिकाटी एखाद्या ऋषीला लाजवील) तोंडात गेला, की पन्नी प्रवाहात. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे; पण खर्र्याची पन्नी ही पिशवी नव्हेच, ती संस्कृती! मुक्ताई हे माना समाजाचं श्रद्धास्थान. देवीपुढे चप्पल काढणारा भाविक दहा पावलांवर पिचकारी मारतो. पाय पवित्र ठेवायचे असतात, तोंडाचं तसं काही नाही.

एवढ्यात कुणीतरी स्पीकर लावतो. १६ ऑगस्ट १९४२ला चिमूरकर इंग्रज सरकारविरुद्ध उठले होते. त्या स्पीकरपुढे मात्र परवा सगळे गप्प होते. मीसुद्धा. धबधबा तेवढा काहीतरी बोलत होता, तो ऐकू आला नाही.