शेवाळाची शेती

आम्ही चांद्याला राहायला गेलो हे कळल्यावर नागपूरच्या मावशीने पहिला प्रश्न विचारला, "अरे, पण तिकडे वाघ फिरतात ना?" तिच्या डोक्यात चांदा होता, चंद्रपूरचा, चांद्यापासून बांद्यापर्यंत म्हणतात त्यातला. मी म्हटलं, मावशी, हे मुळशी तालुक्यातलं चांदे, नांदे-चांदे म्हणतात त्यातलं. इथे वाघ नाहीत. संध्याकाळी हिंजवडीतून सुटलेल्या मोटारी आहेत, त्यांच्यापासून मात्र जपावं लागतं. मावशी जरा हिरमुसलीच. वाघ असते तर शेजारणींना सांगायला काहीतरी झालं असतं.

वाघ नसले तरी शेवाळ आहे. मुळशीचा पाऊस एकदा बसला की अंगण, पायऱ्या, कुंपणाची भिंत, सगळं हिरवं होतं. पहिल्याच पावसाळ्यात मी दुधाच्या पिशवीसकट शहाबादी फरशीवर आडवा झालो. पिशवी फुटली नाही, याचंच घरात जास्त कौतुक झालं. तेव्हापासून बायको पावसाळ्यात दर रविवारी खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन अंगणात उतरते आणि मोहीम फत्ते करूनच वर येते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच घरात घडलं आहे.

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची माशांची टाकी मागे राहिली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच; पाणी छप्पन लिटर. मासे चार-पाच गप्पी. ती मी खिडकीत ठेवली, आणि महिनाभरात काच अशी हिरवी झाली की आत गप्पी आहेत की पालकाची भाजी, ते कळेना. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, एक सकर टाका. काच चाटूनपुसून ठेवतो. केवढा होतो? एवढाच राहतो." 'एवढाच' म्हणजे त्याने बोटांनी दाखवले दोन इंच.

वर्षभरात तो फूटभर झाला. हा सकर दीड फुटापर्यंत जातो, हे मी नंतर वाचलं. टाकीत वळायचं म्हटलं तर त्याला एसटीसारखं मागेपुढे करावं लागे. वळताना दोन रोपं उपटली जात, आणि साफसफाईला ठेवलेला हा गडी एवढी घाण करी की ती काढायला दुसरा गडी हवा होता.

शेजारचे आप्पा म्हणाले, "नदीत सोडून द्या मुळेत. पुण्य लागंल." आप्पा मनाने चांगले, पण हे पुण्य महागात पडलेलं आहे. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी टाकीतून उचलून असाच 'सोडून दिल्या'मुळे तो आज कोलकात्याच्या पाणथळीत, केरळात, आंध्रात माजला आहे. नर अंड्यांसाठी काठात बिळं खणतात, काठ ढासळतात. काटेरी पाठीने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हे मी आप्पांना सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "म्हंजी पाव्हणा जेवायला बोलवायचा आन् त्यानं घरच बळकवायचं." शेवटी हिंजवडीतल्या एका कचेरीच्या स्वागतकक्षात सहा फुटी टाकी होती, तिथे त्याची बदली झाली. बढतीवर, असं म्हणायला हरकत नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण कळलं, की याच कुळात ब्रिसलनोज म्हणून एक धाकटी पाती आहे. चार-पाच इंचांवर वाढ थांबते, शेवाळ खातो, आणि मुख्य म्हणजे घरच्या टाकीत वीण होते. त्याहून लहान, दीड इंची ओटो असतो, पण तो बहुतेक नदीतून धरून आणलेला, उपाशी आणि घाबरलेला. मी ब्रिसलनोजची जोडी ठरवली आणि टाकी पहिल्यापासून मांडायला घेतली.

तळाला मातीचा थर, वर जाड वाळू. मध्ये एक वेडंवाकडं लाकूड, कारण हे मासे शेवाळाबरोबर लाकूडही खरवडतात. अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं लाकडाला दोऱ्याने बांधायची. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. मागच्या बाजूला वॅलिसनेरियाची लांब पाती. आणि एका कोपऱ्यात बाकोपा. दुकानात तिचं हे नाव ऐकून मी भारावलो होतो. घरी आणल्यावर बायकोने पान चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाली, "ही ब्राह्मी आहे. आजी हिचं तेल करायची." नंतर ताडून पाहिलं, खरंच ब्राह्मी. शेजारच्या ओढ्याकाठी फुकट उगवणारी वनस्पती मी लेबल बघून विकत आणली होती.

मग पाणी भरलं आणि थांबलो. हा सगळ्यात अवघड भाग. नव्या टाकीत मासे लगेच सोडायचे नसतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंचसं सोसतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. ही दोन्ही बिऱ्हाडं टाकीत स्थायिक व्हायला महिना-दीड महिना लागतो. मुलाच्या मित्राने त्याच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून दिला, म्हणजे काम लवकर होतं. बायकोला हे एका शब्दात समजलं. "विरजण," ती म्हणाली.

पण येणाऱ्याजाणाऱ्याला विरजण दिसत नाही. आप्पा रोज सकाळी दूध घेऊन येत आणि टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत. "मासे?"

"येणार आहेत."

"कधी?"

"पाणी तयार झालं की."

आप्पांनी पुढे विचारणं सोडून दिलं. नुसते टाकीकडे बघत आणि मग माझ्याकडे बघत.

एकदा मात्र ते बोलले. दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मासा, एवढं वर्णन मी केल्यावर म्हणाले, "मंग मल्या काय वाईट हाय? लहानपनी वढ्यात दगड उलटला की गावायचा." मी चपापलो. मल्या हा आपल्या नद्यांतला मासा. हनुवटीखाली चकती, तिने वाहत्या पाण्यात दगड धरून ठेवतो आणि शेवाळ खरवडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला कर्नल साइक्स दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला, त्याने 1839 साली इथल्या माशांची वर्णनं छापली आणि पुष्कळांना शास्त्रीय नावं देताना इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून मल्या आजही जगभरच्या ग्रंथांत 'गारा मुल्या' आहे, आणि शिंगाळा 'सीनघाला'. पुढे 1938 साली सुंदरलाल होरा यांनी दगडाला छातीने चिकटणाऱ्या एका चिमुकल्या मांगुरवर्गीय माशाला थेट पुण्याचंच नाव दिलं, 'ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस'. तो खातो पाण्यातले किडे, शेवाळ नाही. पण पुण्याचं नाव असून दगडाला चिकटून राहतो, हे मला पुरेसं वाटलं.

मल्याला पाळायचं तर खळाळतं, थंड पाणी हवं. दोन फुटांच्या टाकीत ओढा कुठून आणणार? शिवाय आप्पांच्या आठवणीतला मल्या शेवटी तव्यावरच जात होता. मी ब्रिसलनोजवर कायम राहिलो.

जोडी आली. मादी साधी, तपकिरी, ठिपकेदार. नराच्या नाकाडावर मात्र फांद्याफांद्यांचे मांसल कोंब. "याच्या नाकावर निवडुंग उगवलाय," बायको म्हणाली. काही शास्त्रज्ञांचा तर्क असा, की ते कोंब मादीला पिल्लांसारखे दिसतात. याच्याजवळ आधीच पोरं आहेत, म्हणजे बाप चांगला असणार, असा तिचा हिशेब. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे स्थळ सांगून येतं तेच मुलाबाळांसकट."

अंडी घालायला यांना गुहा लागते. दुकानात मातीच्या गुहा मिळतात, पण चटणीसाठी नारळ फुटला होता. अर्धी करवंटी खरवडून, उकळून, एका कडेला करवतीने दार पाडलं आणि लाकडाखाली पालथी घातली. नर संध्याकाळपर्यंत दारात येऊन बसला. नंतर चार महिने नुसताच बसून राहिला.

जूनमध्ये तोडगा सापडला. यांच्या नद्यांत पाऊस आला, पाणी गार झालं, की विणीचा हंगाम. आमचं बोअरचं पाणी जड, काळ्या कातळातून झिरपलेलं. मृगाच्या दुसऱ्या पावसाला मी बादली उघड्यावर ठेवली, पहिल्या पावसातली धूळ बसून गेली होती. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढून हे थोडं थोडं ओतलं. पारा अठ्ठावीसवरून खाली आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन करवंटीत डोकावलो, तर छताला नारिंगी अंड्यांचा झुबका. केशरात भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मादी बाहेर निवांत काकडी खात होती. तिचं काम झालं होतं. नर आत, शेपटी आणि परांनी अंड्यांना वारा घालत. जेवायलाही बाहेर येईना.

त्याच रात्री अकराला वीज गेली. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. मी तांब्या घेऊन बसलो. दर दोन मिनिटांनी टाकीतलंच पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. बाहेर पाऊस, आत मी महादेवावर अभिषेक करावा तसा. अडीचला वीज आली. बॅटरी लावून पाहिलं, तर करवंटीत तो ज्या लयीत अकराला वारा घालत होता त्याच लयीत अजून घालत होता. त्याचा पंखा विजेवर नव्हता.

पाचव्या दिवशी अंडी फुटली. पिवळ्या बलकाच्या पिशव्या पोटाशी बांधलेली पिल्लं करवंटीला चिकटली, आणि बलक संपल्यावर एकेक करून काचेवर आली. मोजायचा प्रयत्न केला. अडतीसनंतर सगळी हलली. आप्पा दूध ठेवून काचेशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "नख्याएवढी हायेत," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आले.

पण अडतीस तोंडांनी काच चार दिवसांत लख्ख केली, आणि मला ती हिरवी हवी होती! काकडी देतो, उकडलेला दुधी देतो. आमच्या घरात दुधी आवडीने खाणारे हे पहिलेच. तरी पिल्लांना शेवाळासारखं काही नाही. म्हणून मी काचेच्या बरण्यांत पाणी आणि नदीचे गोटे घालून त्या गच्चीच्या कठड्यावर मांडल्या, उघडीप मिळेल तेवढी मिळावी म्हणून. आठवड्यात गोटे हिरवे झाले की आत, आतले पुसले गेले की बाहेर.

बायको कपडे वाळत घालायला वर आली. "हे काय?"

"शेवाळ."

तिने बरण्या मोजल्या. सात. त्यातल्या दोन लोणच्याच्या. काही न बोलता कपडे वाळत घातले आणि खाली गेली. मी समजून होतो की विषय रविवारी निघणार.

रविवारी ती नेहमीसारखी अंगणात उतरली. खराट्याचा आवाज तासभर चालू होता. मी बाहेर आलो तेव्हा फरशी पांढरी पडली होती, पायऱ्या घासून निघाल्या होत्या. फक्त खालच्या पायरीशी, नळाजवळ, पाच-सहा गोटे ओळीने मांडलेले होते, गच्च हिरवे, आणि पावडरीचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये वीट आडवी लावलेली.

"तिकडे पाय देऊ नका," ती खराटा धूत म्हणाली, "पोरांचं आहे."